पेडलखालचा डबा: थ्रॉटल रिस्पॉन्स वाढवणारं यंत्र घ्यावं का? (ऑटोमॅटिक / मॅन्युअल)

कॉलेजरोडकर | सोमवार, रात्री ९:४८

मंडळी, गाडी २०१९ ची, १.२ पेट्रोल, एएमटी (क्लच-गियर यंत्र सांभाळतं ती ऑटोमॅटिक). ५२ हजार किलोमीटर झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिथेच अडकेल. मी नाशिकात, वडील ठाण्यात असतात, त्यामुळे पंधरवड्यातून एकदा कसारा घाट ठरलेला.

तक्रार अशी की गेल्या पावसाळ्यापासून गाडीतला जीवच गेलाय. येताना घाटात तिसऱ्या गियरमध्ये अडकून बसते. पाय पूर्ण दाबला तरी ४० च्या वर जात नाही आणि दुसराही पडत नाही. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवतो, शेजारी बायको "मी चालवू का?" म्हणते. सर्व्हिसिंग वेळेवर आहे, फिल्टर-प्लग नवे आहेत. माझा संशय ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर.

मुंबई नाक्याच्या बाजूला एका ॲक्सेसरीवाल्याने पेडलला लावायचा एक डबा दाखवला. इको, सिटी, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस अशी बटणं. अनामत घेऊन आठवडाभर वापरायला दिलाय. रविवारी ठाण्याहून येताना स्पोर्टवर ठेवला आणि काय सांगू, त्याच घाटात दुसरा पडला आणि गाडी अशी उचलली की घाटमाथ्यावरची घाटनदेवी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही.

किंमत १४,५०० सांगतोय. प्रश्न तीन:
इंजिनची ताकद खरंच वाढते का?
वॉरंटी-विम्याचं काय?
धाकट्या भावाची मॅन्युअल डिझेल आहे, त्याला उपयोग होईल का?

---

पंचवटीतला_पोपट | सोमवार, रात्री ९:५५

बायको घाटनदेवीपर्यंत एक शब्द बोलली नाही? १४,५०० स्वस्त आहे. घेऊन टाका.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाणकार येतीलच.)

---

निवृत्त_नोझल | सोमवार, रात्री ११:१०

सातपूरला अख्खी नोकरी डिझेलच्या नोझल-पंपात गेली. म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पूर्वी पेडलपासून इंजिनपर्यंत केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, चकती उघडायची. आता पेडलला फक्त सेन्सर असतो. खरं तर दोन असतात, एक दुसऱ्याचा साक्षीदार म्हणून. दोघांना ५ व्होल्ट मिळतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा ठेवलेला असतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, दोघांचा ताळा घेतो, "चालकाला अमुक इतकी ताकद हवी आहे" असं ठरवतो आणि मग मोटरने चकती उघडतो. तुम्ही थ्रॉटल उघडत नाही, अर्ज करता. मंजुरी ईसीयूची.

हा डबा पेडलचा कपलर (वायरचा जोड) काढून मध्ये बसतो. तुम्ही पाय ३० टक्के दाबलात तर तो पुढे ५० सांगतो. इको लावलं तर उलट, ३० चे २० करून सांगतो. त्याचं काम एवढंच. इंजिनात जाणारी हवा, इंधन, इग्निशनचं टायमिंग, टर्बोचं प्रेशर यातल्या कशालाच तो हात लावत नाही. पाय तळाला गेला की डब्यासह १०० आणि डब्याशिवायही १००.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावून पंचवटी एक्सप्रेस पकडणारे लोक असतात ना, तसंच आहे हे. पंचवटी लवकर येत नाही, तुम्ही घरातून लवकर निघता.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

---

घाटवेडा | मंगळवार, सकाळी ७:३०

काकांचं पुस्तकी बरोबर आहे, पण चालवून बघा म्हणावं.

माझी १.० टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच. जर्मन बनावटीचा डबा दीड वर्ष लावलाय. मूळ गाडीत पेडलचा पहिला एक तृतीयांश भाग म्हणजे सरकारी कार्यालय. दाबा, वाट बघा, परत दाबा, मग एकदम तीन कामं एकत्र होतात. डबा लावल्यापासून अर्जाला लगेच उत्तर येतं. नांदुरीपासून सप्तशृंगी गडावर जाताना प्रत्येक वळणातून बाहेर पडताना फरक कळतो. पाय हलका ठेवला तरी गियरबॉक्स आधीच एक गियर खाली येऊन बसलेला असतो. वळणावर हवी तीच गोष्ट मिळते.

ताकद वाढत नाही, मान्य. पण गाडी फक्त ताकदीवर थोडीच चालवतो आपण?

खोटं बोलत नाही, द्वारका चौकाच्या गर्दीत स्पोर्ट प्लस म्हणजे शिक्षा आहे. बोटभर पुढे सरकायचं असतं आणि गाडी हातभर उडी मारते. ड्युअल क्लचला असे गचके बरे नाहीत. शहरात मी बंदच ठेवतो.

---

कॉलेजरोडकर | मंगळवार, सकाळी ८:०५

काका, समजलं. पण एक गोष्ट खटकतेय. घाटात माझा पाय पूर्ण दाबलेला असतो. डब्याशिवायही आणि डब्यासहही. तुमच्या हिशोबाने दोन्ही वेळा १०० च जायला हवेत. मग डबा लावल्यावरच दुसरा कसा पडला? शपथेवर सांगतो, भास नाही.

---

निवृत्त_नोझल | मंगळवार, सकाळी ९:२०

वारा, उतारूंचं वजन, एसी, चढाचा टप्पा यातलं काही वेगळं होतं का? पैसे दिले की माणसाला फरक जाणवतोच. पस्तीस वर्षांत बघितलंय.

---

कॉलेजरोडकर | मंगळवार, सकाळी ९:३१

अजून पैसे दिलेले नाहीत, काका. :)

---

मानसी_इंदिरानगर | मंगळवार, दुपारी १:१५

एएमटी रोज चालवणारी बाई म्हणून लिहिते.

एएमटी म्हणजे मूळची मॅन्युअल गियरपेटीच. क्लच आणि गियर टाकायचं काम फक्त यंत्राकडे दिलेलं. भारतात २०१४ मध्ये सेलेरियोपासून ती सगळ्यांच्या घरी आली. तिची गंमत अशी की गियर बदलताना ती क्षणभर इंजिनची ताकद सोडते. आपण पुढे झुकतो, मग मागे. डबा लावून हा क्षण कमी होत नाही, कारण तो पेडलमुळे नसतोच. डब्यामुळे पेटीला वाटतं की चालक घाईत आहे, म्हणून ती गियर जास्त ताणते. इंजिन रडतं, पण झुकणं तसंच राहतं.

माझ्या नवऱ्याने हौसेने लावला होता. आमच्या सोसायटीच्या तळघराचा उतार असा की वर येताना शेवटच्या चार फुटांत एकदम सपाट जमीन लागते, आणि समोर वॉचमनची खुर्ची. चढावर पाय थोडा जास्त द्यावाच लागतो. स्पोर्ट चालू राहिलं होतं, मला माहीत नव्हतं. वॉचमनकाका चहा घ्यायला उठले होते म्हणून आज हे लिहितेय. खुर्चीचा एक पाय गेला, बंपरला ओरखडा आला.

त्या दिवसापासून डबा इकोवर कुलूपबंद. आणि खरं सांगू? इकोवरच तो मला आवडला. पावसात निसरड्या रस्त्यावर, गर्दीत पाय शांत राहतो. चौदा हजार देऊन गाडी मंद करणारी बहुधा मी एकटीच.

---

पंचवटीतला_पोपट | मंगळवार, दुपारी १:२२

वॉचमनकाकांच्या चहाला माझ्यातर्फे पाच रुपये.

बाकी नाशिकात सध्या रेस वाढवून काय करणार? सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरून ठेवलेत. ब्रेक वाढवणारा डबा आला तर सांगा.

---

कांदाभजी | मंगळवार, दुपारी ३:४०

मॅन्युअल डिझेलबद्दल. माझी जुनी स्विफ्ट, १२४८ सीसी, १९० न्यूटन मीटर टॉर्क (ओढ), तेही २००० आरपीएमला. त्याखाली गाडी झोपलेली असते. मित्राचा डबा आठवडाभर लावून बघितला. १२०० वर पाय दिला तर झोप तशीच, फक्त झोपेत घोरणं वाढलं. १८०० च्या पुढे मात्र एकदम लाथ. पहिल्या-दुसऱ्यात हाफ क्लचवर पायाचा अंदाजच चुकायला लागला. वीस वर्षं गाडी चालवतोय आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला शिकाऊ माणसासारखा गचके खात होतो.

मॅन्युअलवाल्याच्या हातात तसाही गियर असतो. एक गियर खाली टाका, डबा फुकट.

---

निवृत्त_नोझल | मंगळवार, संध्याकाळी ६:००

भजी, अगदी बरोबर. डिझेलमध्ये टर्बोची हवा येत नाही तोवर ईसीयू जास्त डिझेल सोडतच नाही, नाहीतर काळा धूर होईल. तुम्ही अर्ज ३० चा द्या नाहीतर ९० चा, खाली हवाच नसेल तर मंजुरी तेवढीच. टर्बोच्या लॅगवर, म्हणजे हवा उशिरा येण्यावर, पेडलचा डबा हा इलाज नव्हे. धागाकर्त्याच्या भावाला हेच उत्तर.

आणि पेडल आळशी का ठेवतात, तेही सांगतो. कंपन्यांना काही हौस नसते. पाय लागताक्षणी पूर्ण टॉर्क दिला तर इंजिनाच्या माउंटपासून ड्राइव्हशाफ्टपर्यंत सगळीकडे धक्का बसतो, धूर आणि मायलेजचे आकडे बिघडतात, आणि नवशिका माणूस वॉचमनच्या खुर्चीवर जातो. ज्या गाडीत स्पोर्ट मोडचं बटण आहे तिथे हा डबा फुकटातच आलाय असं समजा.

---

घाटवेडा | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

स्पोर्ट मोड स्टिअरिंगही जड करतो आणि गियरही लांब ताणतो. मला फक्त पेडल हवं होतं. पण असो, काकांशी पंजा लढवायची माझी टाप नाही.

---

वायरमन_अंबड | मंगळवार, रात्री ८:५०

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. हे डबे बसवतोही आणि त्यांच्यामुळे अडकलेल्या गाड्या सोडवतोही. थोडं धंद्याचं सांगतो.

बसवायचं काम पंधरा मिनिटांचं. डोकं पेडलच्या खाली घालून कपलर सोडवायचा, इतकंच. पण लोक इग्निशन चालू असतानाच कपलर ओढतात आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. किल्ली काढा, गाडी दहा-पंधरा मिनिटं झोपू द्या, मग हात घाला.

दुसरं, स्वस्तातले डबे. त्यांच्या कपलरचं लॉक नीट बसत नाही. गेल्या वर्षी पेठ रोडला सावळ घाटात एक गिऱ्हाईक अडकलं. खड्ड्यात कपलर अर्धवट सुटला, दोन सेन्सरचा ताळा जमेना, कोड आला पी २१३८. गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे रांगत घरी न्यायची. रेस दिली तरी आरपीएम वर जात नाही. हा ईसीयूचा शहाणपणा आहे बरं का, शंका आली की तो ताकद काढून घेतो. पण मागे भरलेला टँकर असेल तर तो शहाणपणा आवडत नाही.

तिसरं, डबा घेण्याआधी थ्रॉटल बॉडी उघडून बघा. चकतीच्या कडेला काळा राप जमतो. साफ करून ईसीयूला नवी शून्य जागा शिकवली की निम्म्या लोकांची हौस तिथेच फिटते. माझा धंदा बुडतो, पण सांगतो.

---

कलम_कसाई | मंगळवार, रात्री १०:३०

विम्याच्या क्षेत्रात आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन, इंधन, बॉडी वगैरे. पेडलचा डबा आरसीवर कुठेच येत नाही, त्यामुळे तो त्यात बसतो की नाही यावर दोन वकील महिनाभर जेवतील. पण अपघातानंतर सर्वेअरला पेडलच्या वायरिंगमध्ये परकी वस्तू दिसली तर तो प्रश्न विचारणार, एवढं नक्की. लावायचाच असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा.

---

घाटवेडा | मंगळवार, रात्री १०:४१

सर्व्हिसिंगला नेण्याआधी काढून ठेवायचा. दोन मिनिटांचं काम.

---

कलम_कसाई | मंगळवार, रात्री १०:४४

अपघाताच्या आधी पण दोन मिनिटं मिळतात का?

---

पंचवटीतला_पोपट | मंगळवार, रात्री १०:४५

😐 गेम ओव्हर.

---

विजेरी | बुधवार, सकाळी ७:०५

इलेक्ट्रिक घ्या. पाय लावला की टॉर्क. डबा नाही, गियर नाही, ई२० नाही.

---

कांदाभजी | बुधवार, सकाळी ७:०९

आले. कोणत्याही धाग्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. दूधवाल्यासारखे.

---

निवृत्त_नोझल | बुधवार, सकाळी १०:२०

अवांतर, पण ई२० वर सारखं खापर फुटतंय म्हणून. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं तर मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. मायलेज थोडं पडतं, मान्य. पण सहा टक्क्यांनी गाडी घाटात तिसऱ्यात अडकून बसत नाही. कॉलेजरोडकर, तुमचं दुखणं वेगळं आहे. काल रात्री झोप लागेना, तुमच्या त्या दुसऱ्या गियरचाच विचार करत होतो. डब्याने ताकद वाढत नाही हे मी लिहून देतो. तरी दुसरा पडला म्हणता. दोन्ही खरं असेल तर एकच शक्यता उरते: डब्याशिवाय तुमचा १०० हा १०० नसावा.

---

कॉलेजरोडकर | बुधवार, सकाळी १०:३५

म्हणजे? पाय तर जमिनीला टेकतो. सेन्सर खराब असेल?

---

वायरमन_अंबड | बुधवार, सकाळी ११:००

सेन्सर खराब असता तर दिवा लागला असता. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या आधी.

---

आठआणे | बुधवार, दुपारी १२:१०

मारुती ८०० च्या काळात आम्ही रेसची केबल पकडीने दीड आटा आवळायचो. पिकअप "वाढायचा". वडील शिव्या द्यायचे, कारण सिग्नलला गाडी ट्रॅक्टरसारखी फुरफुरायची. तेव्हा त्या डब्याला पकड म्हणत, आणि ती शेजाऱ्याची असे.

---

मानसी_इंदिरानगर | बुधवार, दुपारी १२:३०

आठआणे, अगदी! आमच्या पद्मिनीच्या चोकला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असायचा. :D

---

(इथे पद्मिनी, चोक आणि थंडीत गाडी ढकलण्यावर चौदा प्रतिसाद आले. सगळे वाचनीय, पण मूळ प्रश्नाशी संबंध नसल्याने संपादकांनी "जुन्या गाड्यांच्या आठवणी" या धाग्यावर हलवले.)

---

द्राक्षवेल_पिंपळगाव | गुरुवार, रात्री ९:१५

बरेच दिवस नुसता वाचत होतो. बागेच्या कामात वेळ मिळत नाही. एकच विचारतो.

दादा, ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट किती आहेत?

---

कॉलेजरोडकर | गुरुवार, रात्री ९:२०

एक. म्हणजे कंपनीची कार्पेटवाली आहे, तिच्यावर गेल्या जूनमध्ये ती जाड, कडा वर वळलेली रबरी मॅट टाकली. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून. का हो?

---

द्राक्षवेल_पिंपळगाव | गुरुवार, रात्री ९:३८

मग एक नाही, दोन झाल्या.

माझ्या पिकअपला असंच झालं होतं. बागेतून गाडी काढली की पायाला किलोभर चिखल. पोराने जुन्या मॅटवर नवी टाकली, तिच्यावर गोणपाट टाकलं. आठ दिवसांनी राहुड घाटात माल घेऊन चाललो तर गाडी चढेना. मेकॅनिक म्हणाला पंप गेला, वीस हजार लागतील. तिथेच रस्त्याच्या कडेला थांबलो, पायाखालचं गोणपाट काढलं हात पुसायला, आणि परत बसलो तर पेडल आणखी बोटभर खाली गेलं.

गेल्या पावसाळ्यापासून जीव गेला म्हणता. मॅट कधी टाकली? गेल्या पावसाळ्यात. मॅट काढा आणि हाताने पेडल दाबून बघा.

---

निवृत्त_नोझल | गुरुवार, रात्री ९:४४

अरे देवा.

---

निवृत्त_नोझल | गुरुवार, रात्री ९:५२

कॉलेजरोडकर, आता झोपू नका. कोणाकडे तो स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा) आहे का? डबा काढून मूळ कपलर लावा. इंजिन बंद, किल्ली ऑन, पार्किंगमध्ये. पेडलची पोझिशन बघा: मॅटसह तळापर्यंत आणि मॅटशिवाय तळापर्यंत. आकडा १०० येणार नाही, घाबरू नका. सेन्सरचा व्होल्टेज मुद्दाम मधल्या पट्ट्यात ठेवतात. ० आला तर वायर तुटली, ५ आला तर शॉर्ट झाली, असं ईसीयूला ओळखता यावं म्हणून. बऱ्याच गाड्यांत पाय न लावता १५ आणि तळाला ८० च्या आसपास दिसतं. आपल्याला हवाय तो दोन आकड्यांमधला फरक.

---

पंचवटीतला_पोपट | गुरुवार, रात्री ९:५३

रात्री दहाला पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन पेडल दाबणारा माणूस. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येईल, इथेही टाका.

---

कॉलेजरोडकर | गुरुवार, रात्री ११:०५

भावाकडून स्कॅनर आणला. आकडे:

पाय न लावता: १५
दोन्ही मॅटसह, पूर्ण दाबून: ६१
रबरी मॅट काढून, पूर्ण दाबून: ७९

तीनदा करून बघितलं, तोच आकडा. रबरी मॅटचा पुढचा वळलेला काठ पेडलच्या खालच्या टोकाला अडत होता. काठाच्या आतल्या बाजूला पेडलच्या आकाराचा चकचकीत खड्डाही पडलाय. वर्षभर मी त्या काठालाच "पूर्ण दाबत" होतो.

बायको वरून खिडकीतून विचारतेय काय झालं म्हणून. अजून सांगितलेलं नाही.

---

निवृत्त_नोझल | गुरुवार, रात्री ११:२०

हिशोब लागला. १५ ते ७९ म्हणजे ६४ चा प्रवास. त्यातले तुम्हाला ४६ च मिळत होते, म्हणजे सत्तर टक्क्यांच्या जरा वर. तुमचा पूर्ण पाय ईसीयूला पाऊणही वाटत नव्हता. एएमटीचा संगणक किकडाउन देतो, म्हणजे चढावर खालचा गियर टाकतो, तो पेडल जवळपास तळाला गेल्यावर. तुमचं तळाला जातच नव्हतं, म्हणून तिसऱ्यात अडकत होती. डबा स्पोर्टवर ठेवलात की तो सत्तरचे शंभराच्या जवळ करून पाठवत होता, आणि दुसरा पडत होता.

म्हणजे डब्याने तुमच्या गाडीला काही दिलं नाही. मॅटने जे घेतलं होतं तेवढंच परत केलं. आणि मी तुम्हाला "भास" म्हणालो, त्याबद्दल कान पकडतो. भास नव्हता.

---

घाटवेडा | गुरुवार, रात्री ११:३१

१४,५०० विरुद्ध एक मॅट. द्राक्षवेल, पुढच्या सीझनला तुमच्या द्राक्षांची एक पेटी मी विकत घेणार.

---

वायरमन_अंबड | शुक्रवार, सकाळी ८:४०

थ्रॉटल बॉडी साफ करा म्हणत होतो मी. पायाखाली बघायचं सुचलं नाही. आजपासून दुकानात पहिला प्रश्न हाच.

---

मानसी_इंदिरानगर | शुक्रवार, सकाळी ९:१०

हसताय सगळे, पण तुमच्या बाबतीत मॅटने पेडल खाली जाऊ दिलं नाही हे नशीबच. उलटही होतं. दाबलेलं पेडल मॅटच्या काठाखाली अडकतं आणि वर येतच नाही. अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटाला याच कारणाने लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतरच ब्रेक आणि रेस एकत्र दाबले तर ब्रेकचं ऐकायचं, ही सोय मोठ्या प्रमाणावर आली. मॅटवर मॅट कधीच टाकू नये. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, वाचतं कोण.

---

कॉलेजरोडकर | रविवार, रात्री १०:३०

अहवाल. आज ठाण्याहून आलो. डबा नाही, रबरी मॅट नाही, फक्त कंपनीची कार्पेट. चौघे, एसी चालू, डिकीत आईने दिलेले दोन डबे (खाण्याचे). घाटात चढ लागला, पाय तळाला गेला, क्षणभर ते एएमटीचं झुकणं, आणि दुसरा पडला. गाडी विमान वगैरे झाली नाही. १.२ पेट्रोल जेवढं चढायला हवं तेवढं चढली. ट्रकवाला मागेच राहिला.

बायकोला आज घाटनदेवीला खरं सांगितलं. ती इगतपुरीपर्यंत हसत होती, आणि मग म्हणाली, "ती मॅट मीच आणली होती ना? तेव्हा तूच म्हणालास, काठ उंच आहे, छान आहे."

डबा काल दुकानात परत केला. अनामतीतले पाचशे कापले त्याने, आठवड्याचं भाडं म्हणून. कारण सांगितल्यावर त्याने आधी स्वतःच्या गाडीत वाकून बघितलं.

भावाला अजून डबा हवाच आहे. भजींचा प्रतिसाद वाचायला दिला, म्हणतो "त्यांना चालवता येत नसेल."

---

कांदाभजी | रविवार, रात्री १०:४१

भावाला मुंबई नाक्याच्या सिग्नलला बोलवा. शनिवारी संध्याकाळी सात वाजता. मी वडापाव घेऊन उभा राहतो.

---

घाटवेडा | रविवार, रात्री ११:०२

माझा डबा मी काढणार नाही, आधीच सांगतो. पण आत्ता खाली जाऊन मॅट बघून आलो. एकच आहे.

---

द्राक्षवेल_पिंपळगाव | सोमवार, पहाटे ५:३०

छान झालं. एक राहिलं. कंपनीच्या मॅटला ड्रायव्हरच्या बाजूला जमिनीत हुक असतात, मॅट पुढे सरकू नये म्हणून. बऱ्याच गाड्यांत दोन असतात. ते लावलेत का?

---

कॉलेजरोडकर | सोमवार, सकाळी ७:५०

एक सापडला, लावला. दुसरा सीटखाली असेल, शोधतोय. आत्तापर्यंत तिथे तीन नाणी, एक पेन आणि २०२२ चं फास्टॅगचं पाकीट मिळालंय.